सावली नसलेली सात पाने

बुधवारी सकाळी सव्वादहाला मिनल सोनकुसरे स्कूटीवरून बेसा रोडला लागली, तेव्हा मागे प्रज्वल बसला होता आणि प्रज्वलच्या मांडीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, चोवीस पाने होती. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. दोघांनी तोंडाला दुपट्टे गुंडाळले होते, त्यामुळे बोलायचे तर ओरडावे लागे, आणि प्रज्वल घरापासून ओरडतच आला होता.

"ताई, त्यायनं नाही म्हटलं तं?"

"तं नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे अंक निघत नाही. नीट धर ते, उडतीन पानं."

पाने 'पारापथक'च्या एकसष्टाव्या अंकाची होती. शुक्रवारी सकाळी दहाला अंक छपाईला जायचा होता. त्याआधी एका माणसाने ती पाने पाहून होकार द्यायला हवा होता, आणि त्या माणसाला दोन महिन्यांपासून बोलता येत नव्हते.

ज्यांनी 'पारापथक' वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, सत्तेचाळीस अंशांच्या एका दुपारी नागपूरच्या पाच साध्या माणसांना ऊन लागते आणि दवाखान्यात पोचायच्या ऐवजी त्यांच्या अंगात शक्ती येते. कूलरकाका पाठीवर कूलर घेऊन गार वाऱ्याचा झोत सोडतात. झळ ही नर्स हाताने लोखंड वितळवते. खापर या हमालाला कशाचाच मार लागत नाही. भोंग्याच्या आवाजाने काचा फुटतात. आणि अकरावीतली सावली कोणाच्याही सावलीत शिरून दुसऱ्याच्या सावलीतून बाहेर निघते. वाचकांची सर्वांत जास्त पत्रे सावलीला येत.

हे सगळे पंधरा वर्षे, वर्षाला चार अंक या हिशेबाने, चंद्रभान हेडाऊ एकटे लिहीत आणि एकटेच काढत. फेब्रुवारीत साठावा अंक स्टॉलवर लागला आणि नवव्या दिवशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. धंतोलीच्या दवाखान्यात एकवीस दिवस काढून ते बेशाच्या घरी परतले. उजवा हात गेला होता, वाचा गेली होती. समज शाबूत आहे, असे डॉक्टर सांगत. आणि साठावा अंक असा संपला होता की पुढचा काढल्याशिवाय गत्यंतर नव्हते. गारठे नावाच्या खलनायकाला नागपूरचे ऊन कायमचे चोरायचे होते. (निम्मे वाचक या बाबतीत उघडपणे गारठ्याच्या बाजूने होते.) त्याने पारापथकाला फसवून एका शीतगृहात कोंडले. आत तापमान चार अंश. ऊन नाही तर शक्ती नाही. दार बंद. क्रमशः.

प्रकाशक भैयाजींचे कार्यालय रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होते. कॅलेंडरे आणि दहावीची गाइडे छापून त्यांनी 'पारापथक' पोसले होते. मार्चमध्ये त्यांनी मिनलला बोलावून घेतले. ती अकरा वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा पानांवर उपसंपादक होती. पाने कमी झाली तेव्हा बाहेर पडली होती. पहिल्या अंकापासूनची वाचक होती.

"तू उमरेडची, तोही उमरेडचा," भैयाजी म्हणाले. "तुमच्या दोघांच्याही घरी माग होते. जमते तुले."

"माझ्या आजोबांकडे होते, भैयाजी. मी माग फोटोत पाहिला."

"मी तरी कुठं विणलं कधी? लिही. चित्रं प्रज्वल नावाचा एक पोरगा काढते, गेमवाल्या कंपनीत होता. पण एक गोष्ट सांगून ठेवतो. चंद्रभाननं हो म्हटल्याबिगर मी मशीन सुरू करणार नाही. तो जिवंत असताना त्याच्या पोरायले दुसऱ्याच्या मर्जीनं नाही वागवाचं."

पोरे म्हणजे पारापथक. चंद्रभानांना दुसरी पोरे नव्हती.

चंद्रभानांनी मागे ठेवला होता फक्त एक कागद. ते पटकथा वगैरे कधी लिहीत नसत. सगळे डोक्यात असे आणि डोक्याबाहेर एक चौकडीचा कागद असे, त्याला ते नकाशा म्हणत. चोवीस आडव्या ओळी, म्हणजे चोवीस पाने. पाच उभे रकाने, म्हणजे पाच जण. ज्या पानावर जो असेल त्याचा चौकोन त्याच्या पोशाखाच्या रंगाने भरलेला. आकडे नाहीत, अक्षर नाही. एकसष्टाव्या अंकाचा नकाशा त्यांच्या टेबलाच्या काचेखाली तयार होता आणि प्रेमिलाकाकूंनी तो भैयाजींकडे पाठवला होता.

मिनलने तो तीन दिवस डोळ्यांसमोर ठेवला. तिला पहिल्याच तासात जे दिसले ते तिला पाहायचे नव्हते. सावलीचा जांभळा रंग वरून सतरा ओळी भरलेला होता. खालच्या सात ओळी कोऱ्या. बाकी चौघांचे रंग थेट तळापर्यंत उतरत होते. याचा अर्थ एकच होता. सतराव्या पानावर सावली मरत होती.

तिने ते लिहिले. त्या पानावर सावलीच्या तोंडचे शेवटचे वाक्य तिने अकरा वेळा खोडले. प्रज्वलने ते पान काढायला चार दिवस लावले आणि पाठवताना खाली लिहिले, "ताई, यापुढे मला असलं काम देऊ नका." पण चंद्रभानांनी ठरवले होते, आणि त्यांनी ठरवलेले बदलायचा या दोघांना हक्क नव्हता. निदान हिशेब असा होता.

प्रेमिलाकाकूंनी दार उघडले. मिनलने चपला काढल्या, प्रज्वलने दुपट्ट्याने घाम पुसला.

"या जी. बसा. पंख्याखाली बसा. पोरा, तू अंगानं लयच वाळला, जेवतं का नाही?"

"डेडलाइन होती, काकू."

"ते यायलेही राहे. पण हे जेवत."

चंद्रभान खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दाढी ताजी केलेली, बुशशर्टला इस्त्री. उजवा हात मांडीवर ठेवलेला, डावा खुर्चीच्या हातावर. मिनलने नमस्कार केला तेव्हा त्यांनी डावा हात पिशवीकडे केला. गप्पा नकोत, पाने द्या. मिनलला हा माणूस एकदम आवडला.

तिने पाने एका पाटावर ठेवून पाट त्यांच्या मांडीवर दिला. ते डाव्या हाताने उलटू लागले.

पहिल्याच पानावर त्यांचे बोट थांबले. शीतगृहाचा अंधार, पाच जण पाठीला पाठ लावून उभे. त्यांनी सावलीवर बोट ठेवले, मिनलकडे पाहिले, परत सावलीवर ठेवले. मिनलला वाटले, चित्र आवडले नसावे. प्रज्वललाही तेच वाटले असावे, कारण तो पंख्याखालून उठून भिंतीशी गेला.

दुसरे पान. परत सावलीवर बोट. तिसरे, चौथे. आता ते पाने वाचत नव्हते, फक्त सावली शोधत होते आणि सापडली की बोटाने टकटक करत होते. सतराव्या पानावर ते आले. तिथे सावली बर्फाच्या लादीवर पडलेली होती आणि खापर तिला उचलत होता. चंद्रभानांनी ते पान पाहिले आणि डाव्या हाताने असे ढकलले की पाट मांडीवरून खाली गेला. पाने फरशीवर पसरली. त्यांच्या घशातून आवाज आला, शब्द नव्हता, पण अर्थ कोणालाही कळला असता.

"काका, काका, शांत व्हा," मिनल म्हणाली. "तुमच्या नकाशात जसं आहे तसंच केलं मी. हे पाहा."

तिने फाइलमधून नकाशा काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो हिसकावून घेतला, मांडीवर ठेवला, आणि डाव्या हाताचे बोट कागदाच्या अगदी तळाशी टेकवले. मग बोट वर सरकले. एक ओळ, दुसरी, तिसरी. परत तळाशी. परत वर. मिनल पाहत राहिली. तिला वाटले, डाव्या हातावर ताबा नाही म्हणून बोट भलतीकडे जाते आहे. तिने हलकेच त्यांचे बोट धरून कागदाच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवले. त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की तिने हात काढून घेतला.

"माझी चित्रं नाही आवडली त्यायले," प्रज्वल भिंतीशी हळूच म्हणाला. "सरळ आहे ना. पंधरा वर्षं स्वतः काढली त्यायनं. मी कोण?"

"थांब जरा."

"नाही ताई, मी पाहून राहिलो ना. पहिल्या पानापासून—"

प्रेमिलाकाकू कैरीच्या पन्ह्याचे ग्लास घेऊन आत आल्या. त्यांनी फरशीवरची पाने पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला, त्याचे बोट पाहिले. ग्लास टेबलावर ठेवले. मग त्या मिनलकडे वळल्या.

"काहून वं, तुम्ही हा वरून वाचला का?"

"म्हणजे?"

"नकाशा. वरून खाली वाचला?"

"हो काकू. मग कसा वाचतात?"

काकूंनी कपाळावर हात मारला. "अवं बाई, सोनकुसऱ्याची पोरगी ना तू! कापड काय वरून विणते का कोणी? मागावर बसलं का पहिली ओळ आपल्या पोटाशी येते. तिथून पुढं पुढं चढत जाते. नकाशा खालून वाचा लागते. मी लग्नाच्या आधीपासून साडीची करवती किनार विणत होती, यायच्या बापाच्या मागावर. हेही तसेच शिकले. कॉमिक काढाले लागले तरी खालूनच भरे."

चंद्रभानांनी डोळे मिटून मान मागे टेकवली.

मिनलने नकाशा हातात घेतला. बातमीचे मथळे वरून खाली जातात, पान वरून खाली लागते, अकरा वर्षे तिने प्रत्येक कागद वरून खाली पाहिला होता. तिच्या मनातही आले नव्हते की कागद दुसऱ्या टोकाने सुरू होऊ शकतो. पण ती अकरा वर्षे आणखी एक गोष्टही करत आली होती. कोणी काही सांगितले की दुसऱ्या ठिकाणी ताडून पाहायचे.

"काकू, जुना एखादा नकाशा आहे का?"

"जुने कायले ठेवते? अंक निघाला का मी मांडणीवर अंथरतो. कागद चांगला राहते."

"स्वयंपाकघरात?"

काकूंनी मांडणीवरून तुरीच्या डाळीचा डबा, मग तिखटाचा डबा उचलला. खालून तेलाचे डाग पडलेला एक चौकडीचा कागद निघाला, काकूंच्या आठवणीप्रमाणे अठ्ठावन्नाव्या अंकाचा. मिनलने मोबाइलमध्ये जुन्या अंकांच्या पानांचे फोटो ठेवले होते. एका ओळीत भोंगा एकटा होता. ती ओळ वरून एकविसावी, खालून चौथी. अठ्ठावन्नाव्या अंकात भोंगा एकटा ज्या पानावर होता ते पान चौथे. तिने आणखी दोन ओळी ताडल्या. दोन्ही खालून जुळल्या.

"म्हणजे सावली मरत नाही," प्रज्वल म्हणाला. तो भिंत सोडून पुढे आला होता. "ताई, ती मरत नाही! पहिल्या सात पानांवर ती नाही, आठव्यापासून आहे, आणि शेवटी सगळे आहेत. बाप्पा! मी तिला चार दिवस मारत बसलो होतो."

"थांब. सात पानं ती आहे कुठं? साठाव्या अंकात पाचही जण आत गेले."

हे बोलता बोलता मिनलचा आवाज बारीक झाला. तिने मोबाइलवर साठाव्या अंकाचे शेवटचे पान काढले. ते पान तिला पाठ होते. शीतगृहाचे दार बंद होते, शेवटची चौकट सगळी काळी, आणि त्या काळ्यात फक्त डोळ्यांच्या जोड्या. चार जोड्या. पाच हव्या होत्या. अंक निघाल्यावर त्याबद्दल कितीतरी पत्रे आली होती, 'सावलीचे डोळे काढायचे राहिले' म्हणून. नंतर चंद्रभान आजारी पडल्याची बातमी आली तेव्हा पत्रे थांबली, आणि सगळ्यांनी मनातल्या मनात एकच अर्थ लावला.

तो अर्थ प्रेमिलाकाकूंनी आता मोठ्याने बोलून दाखवला.

"भैयाजी मले म्हणत होते, तेव्हापासूनच यायच्या डोक्यात काही सुरू झालं असंल. पंधरा वर्षांत एक चूक नाही केली अन् तेव्हाच कशी केली. मी ते पान पाहिलं होतं बाई. छापाले जायाच्या आधी पाहिलं होतं. म्हटलं, थकले असतीन. तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तं हात वाचला असता, असं मले रोज वाटते. रोज."

चंद्रभानांनी डोळे उघडले होते. ते बायकोकडे पाहत होते. त्यांनी जोरात मान हलवली, नाही, नाही. मग डावा हात वर केला आणि अंगठा आत दुमडून चार बोटे दाखवली.

"चारच जोड्या मुद्दाम काढल्या?" मिनलने विचारले.

मान खाली आली. हो.

"चूक नव्हती?"

नाही. आणि मग त्यांनी तीच चार बोटे बायकोच्या मनगटावर ठेवली.

पदर तोंडाला लावून काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि तिकडून भांडी जागच्या जागी ठेवल्याचा आवाज येत राहिला, जरा जास्तच वेळ.

मिनल शेवटच्या पानावरून अजून हलली नव्हती. त्याच पानाच्या पहिल्या चौकटीत, दाराच्या वर, शीतगृहाचे घड्याळ होते. बारा वाजून दहा मिनिटे. दाराशेजारी कॅलेंडर, मे महिन्याचे, शेवटच्या आठवड्यातली एक तारीख गोल केलेली. फेब्रुवारीच्या अंकात मे महिना का, हा प्रश्न तिला याआधी पडायला हवा होता. ती दर वर्षी मेच्या शेवटी एक छोटी चौकट लावत असे, जिल्हा पानाच्या तळाला, दोन कॉलमात. आज दुपारी काही मिनिटे तुमची सावली गायब होणार. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. एका वर्षी तिने त्याची वेळ चुकवली होती आणि संपादकांनी तिला फैलावर घेतले होते.

"शून्य सावली," ती म्हणाली. "काका, त्या दिवशी दुपारी बारा दहाला नागपुरात कोणाचीच सावली पडत नाही. आत जाताना ती कोणाच्या तरी सावलीत होती, अन् सावल्याच गेल्या, म्हणून दार बंद झालं तेव्हा ती तिथं नव्हतीच. गारठ्यानं दिवस पाहूनच सापळा लावला. पण सूर्य कलला की सावली परत येते. आठव्या पानावर. दाराखालच्या फटीतून."

चंद्रभान हसले. तोंडाची एकच बाजू हलली, पण ते हसणेच होते. त्यांनी फरशीवरच्या पानांकडे बोट केले आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा वाजायला आले होते.

"हो जी," मिनल म्हणाली. "शुक्रवारी दहा. सत्तेचाळीस तास आहेत."

प्रज्वलने पन्ह्याचा ग्लास एका दमात संपवला, मग मिनलचाही उचलला.

जिन्यातूनच तिने भैयाजींना फोन लावला.

"अंक उलटा वाचला आम्ही."

"काय?"

"नकाशा खालून वाचायचा होता. सावली मरत नाही. तेरा पानं बदलतील. शुक्रवारी दहाला देतो."

"तेरा पानं? दोन दिवसांत? वेडीबिडी झाली काय?"

"अन् भैयाजी, डोळ्यांच्या चारच जोड्या, ती चूक नव्हती. काकांनी मुद्दाम काढल्या होत्या. त्यांना तेव्हा काहीही झालेलं नव्हतं."

खालच्या दवाखान्यात कोणाचा तरी नंबर पुकारलेला फोनवर ऐकू आला.

"मी प्रेमिलाले काय काय बोललो होतो," भैयाजी म्हणाले. "करा. दहा म्हणजे दहा, मात्र."

ते दोन दिवस त्यांनी भैयाजींच्या कार्यालयात काढले, कारण तिथला कूलर मोठा होता. मिनलने सगळी पाने फरशीवर मांडली आणि बातमी उशिरा बदलली की पान जसे वाचवतात तसे वाचवायला घेतली. जे चालेल ते हलवायचे, जे चालणार नाही त्यावर रडायचे नाही. मारामारीची पाने तशीच राहिली, फक्त पुढे गेली. सुरुवातीची सात नव्याने काढायची, सावलीवाचून. मधली सहा अर्धी नवी, अर्धी जुळवलेली. प्रज्वल टॅब्लेटवर चौकटी उचलून इकडच्या तिकडे लावत होता, कुठे आडवी उलटवून घेत होता, कुठे आकार बदलत होता.

"सतरावं पान उडवू?" त्याने बुधवारी दुपारी विचारले.

"उडव."

त्याने ते इतक्या जोरात उडवले की बोट काचेवर वाजले.

लिहिणे सोपे झाले होते. मिनलला स्वतःचेच आश्चर्य वाटत होते. मार्चमध्ये तिने जी पाने एकेक शब्द ओढून लिहिली होती ती आता तासाला दोन या गतीने होत होती. चार अंशांत कुडकुडणारे चौघे आणि त्यांत कूलरकाका, ज्यांची शक्ती असती तरी इथे कोणाच्याच कामाची नसती. "मले काय पाहून राहिले?" कूलरकाका म्हणतात. "माझी आज सुट्टी आहे." झळ त्यांना म्हणते, की घरीही तुम्ही असेच बसून राहत असाल. भोंगा दात वाजवतो आणि शक्ती नसतानाही त्या आवाजाने बर्फाला तडा जातो. आठव्या पानावर शब्द नव्हता. फक्त दाराखालची फट, आणि फटीतून आत येणारी बोटभर काळी रेघ.

गुरुवारी सायंकाळी सहाला भैयाजी स्वतः सामोसे घेऊन आले, दोघांच्या मागे उभे राहून आठवे पान पाहिले, आणि सामोशाची पिशवी टेबलावर ठेवून गेले. साडेसातला शेवटचे पान झाले. मिनलने चोवीस पाने तीनदा तपासली. एकदा शब्दांसाठी, एकदा कोण कोणत्या पानावर आहे यासाठी, नकाशा उजव्या हाताशी ठेवून, खालून वर. तिसऱ्यांदा नुसतीच.

शुक्रवारी सकाळी साडेसातला ते परत बेशाला होते. ऊन अजून चढले नव्हते. चंद्रभान त्याच खुर्चीत होते, आज चष्म्याच्या काचा पुसून बसलेले. काकू आज बाजूच्या खाटेवर बसल्या आणि उठल्या नाहीत.

चंद्रभान वाचू लागले. या खेपेला बोट कुठेही थांबले नाही. पहिले पान, दुसरे. तिसऱ्या पानावर कूलरकाकांच्या सुट्टीवर त्यांच्या घशातून बारीक आवाज आला आणि खांदा हलला. काकूंनी मिनलकडे पाहून भुवया उंचावल्या. आठव्या पानावर ते थांबले. चष्मा काढला. पान जवळ घेतले, लांब धरले. चष्मा परत घातला आणि पुढे गेले. प्रज्वल आता खाली फरशीवरच बसला.

चंद्रभान पुढे गेले आणि एकोणिसाव्या पानावर अडकले.

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेले. कपाळाला आठी पडली. मग त्यांनी काकूंकडे हात केला आणि बोटांनी काहीतरी धरल्यासारखे केले. काकूंनी पेन्सिल दिली. डाव्या हाताने, तीन दमांत, त्यांनी कूलरकाकांभोवती एक वाकडे वर्तुळ काढले, आणि पान मिनलसमोर धरले.

मिनलने पाहिले. तिला काहीही दिसले नाही. तिने प्रज्वलकडे दिले.

"अरे देवा," प्रज्वल म्हणाला. "पाइप. कूलरची पाइप डाव्या खांद्यावर असते. ही चौकट मी उलटवून लावली, आरशासारखी. उजव्या खांद्यावर आली."

"मी तीनदा तपासलं!" मिनल म्हणाली.

चंद्रभानांनी तिच्याकडे पाहिले. ती नजर तिने अकरा वर्षे मुख्य उपसंपादकाच्या टेबलापलीकडून पाहिलेली होती आणि तिला ती पाहून इतके बरे वाटेल असे तिला कधी वाटले नव्हते.

"आणखी काही, काका?"

त्यांनी राहिलेली पाच पाने उलटली. सावकाश, एकेक. शेवटच्या पानावर शीतगृहाचे दार उघडे होते, बाहेर पांढरे ऊन, आणि पाच जण पाय ओढत बाहेर येत होते, पाचांच्या पाच सावल्या त्यांच्या पायाशी नुकत्याच दिसू लागलेल्या. चंद्रभानांनी पाने सारखी केली, कडा पाटावर ठोकून जुळवल्या, आणि गठ्ठा मिनलच्या हातात दिला. मग मान खाली केली. एकदाच, नीट.

प्रज्वल खाटेच्या कडेला टॅब्लेट घेऊन बसला. चंद्रभान खुर्चीतून पुढे वाकून पाहत होते. पाइप डाव्या खांद्यावर गेली, तिचा वाक बदलला, तिची पडछाया बदलली. दोनदा त्यांनी डाव्या हाताने प्रज्वलचे मनगट धरून अर्धा इंच सरकवले. प्रज्वलने एकदाही हात सोडवून घेतला नाही. अकरा मिनिटांत काम झाले.

"नाश्ता करून जा," काकू म्हणाल्या. "पोहे केले. आज नाही म्हटलं तं मी दाराले कडी लावतो."

आठ वाजून बावन्न मिनिटांनी मिनलने फाइल पाठवली आणि गॅलरीत येऊन छापखान्यात थांबलेल्या भैयाजींना फोन लावला.

"पाठवलं. सोडा छापायला."

"तो काय म्हणाला?"

"मान हलवली. पण एक चूक काढली. कूलरकाकांची पाइप उजव्या खांद्यावर गेली होती."

"कोणत्या पानावर?"

"एकोणीस."

"अन् तुमच्यापैकी कोणाले दिसली नव्हती?"

"नाही जी."

भैयाजी हसायला लागले. आधी खोकल्यासारखे, मग मोठ्याने, आणि मग त्यांनी बाजूच्या कोणाला तरी ओरडून सांगितले की चंद्रभाननं चूक काढली गा, एकोणिसाव्या पानावर, डावी-उजवी पाइप. पलीकडे मशीन सुरू झाली असावी, कारण त्यानंतरचे त्यांचे बोलणे मिनलला काही ऐकू आले नाही. ती तरीही फोन कानाला लावून उभी राहिली. आत काकू प्रज्वलला ओरडत होत्या की पोहे थंडे होऊन राहिले, आणि तो सांगत होता की आधी काकांच्या ताटात वाढा.